चाचीने नाकारलेले जपानी कप

अम्मा, अब्बांनी बोटीवरून आणलेले ते जपानी कप आणि दोन वाडगे घेऊन मी मंगळवारी पेणला गेले होते. चिनी मातीची जुनी भांडी पारखून विकणाऱ्या एक बाई आहेत तिथे. तू गेल्यावर आता घर आवरायला काढलंय आणि धाकट्या भावाचं म्हणणं, विकून टाकू.

माझ्या साखरपुड्याला तू ते कप पाहुण्यांसमोर मांडलेस आणि चाची सगळ्यांदेखत हसली. "जपान कसला गो? असला छाप मुंबईत कुनीबी मारतो." तू चहा स्टीलच्या पेल्यांत ओतलास, कप पुसून कपाटात ठेवलेस ते कायमचे. अब्बा बोटीवर होते. तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं.

पेणच्या बाईंनी कप उपडा केला, तळाची तांबडी अक्षरं भिंगातून बघितली, फुलांवरून नख फिरवलं. "छापील असतं तर बारीक ठिपके दिसले असते. हे कुंचल्यानं काढलंय, रंगाचा उंचवटा हाताला लागतोय बघा." वाडग्यांना टिचकी मारली. एक खणखणला, दुसरा बद्द वाजला, म्हणजे आत चीर. सोनेरी कड झिजलेली, बशा अपुऱ्या, म्हणून किंमत बेताचीच. मग त्यांनी कप उजेडाकडे धरला. तळाशी, मातीच्या आत, एका बाईचा चेहरा उमटला. "माती कुठे पातळ, कुठे जाड ठेवून असा चेहरा काढायचे तिकडे. अस्सल जपानीच आहेत हे," त्या म्हणाल्या, आणि मला एकदम रडूच आलं.

घरी न जाता मी तशीच रोह्याला चाचीकडे गेले. ती आता खाटेवरच असते, दिसतंही कमी. कप तिच्या हातात दिला. "चाची, हे खरे जपानचे आहेत."

तिनं फुलं चाचपली. "मला ठाव व्हतं गो. तुझा चाचा तवा घरी बसून, आन तुझा बाप जपानवरनं कप आनतो. तुझ्या आईचं तोंड कसं फुललं व्हतं. सोसलं नाय मला." कपाचा कान चाचपत म्हणाली, "तिच्या दुखण्यात सांगाया आलते. मानसं बसलेली, तशीच माघारी फिरले."

भांडायचं ठरवून गेले होते, अम्मा. गाडीत शब्दही जुळवले होते. पण तिच्या सुनेनं चहा आणला, तो मी त्याच कपात ओतून तिला पाजला. विकायचे नाहीत, असं धाकट्याला कळवलंय. एक कप मात्र तिच्या उशाशी ठेवून आलेय. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.