वास विसरलेल्या माश्या

हिमायतनगर, हैदराबाद
९ नोव्हेंबर १९९५

प्रिय दादास नलिनीचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? एसटीडीवरून दोनदा फोन लावला, लाईन मिळेना, म्हणून लिहिते.

टोमॅटोत लावायला मी पाठवलेल्या कार्डांवरच्या बारक्या गांधीलमाश्या पतंगाची अंडी वासाने शोधून त्यांत आपली अंडी घालतात, फवारणी नको, असं मीच तुला सांगितलं होतं. काल प्रयोगशाळेत तपासलं. रानातून आणलेल्या माश्या पतंगाच्या वासाकडे वळल्या. मी इथे वाढवलेल्या, तुला पाठवल्या त्याच, नुसत्याच भटकत राहिल्या.

चूक माझीच असावी. ट्रेमधल्या समोरच्या अंड्यांवर पटकन बसणाऱ्या माश्यांचीच वीण मी साठ पिढ्या पुढे नेली. त्यात वास ओळखण्याचा गुण गळून गेला असेल. हे आधी का तपासलं नाही? सोबतचे खादरभाई हसले, "बैठे-बैठे खाना मिला तो शिकार कू कौन जाते, मॅडम?" मला हसू आलं नाही.

पत्र मिळताच पानं उलटून बघ. पतंगाची अंडी काळी पडली असतील, तर माश्यांनी काम केलंय. पांढरीच असतील तर लगेच फवार, मला विचारत बसू नकोस. आणि मला बरं वाटावं म्हणून उगाच 'काळी आहेत' असं कळवू नकोस.

तुझी,
नलिनी