आत्याबाई, तुमचं पाणी राहून गेलं

तीर्थरूप आत्याबाई,

शोभाचा वाकून नमस्कार.

कागद बघून हसू नका. सत्तावीस वर्षं सासू-सुना एका घरात राहिलो, तेव्हा तुमच्याशी दोन शब्द धड बोलले नाही, आणि आता तुम्ही गेल्यावर वही घेऊन बसलेय! अंगणवाडीच्या नोंदी लिहून लिहून हात वळलाय, तेवढाच त्या नोकरीचा उपयोग. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हेही ठाऊक आहे. तरी लिहिते. तोंडानं सांगायला गेले की मी गोष्टीत दहा गोष्टी मिसळते. कागदावर मिसळल्या तर निदान खोडता येतात.

आजच का लिहितेय, तेही सांगते. काल मी काशीकाकूंना पाणी पाजलं. माझ्या हातानं, त्यांचं डोकं दंडावर घेऊन. आणि त्या मेल्या नाहीत.

आता हे वाक्य दुसऱ्या कुणी वाचलं तर म्हणेल, बाई वेडी आहे. पाणी पाजल्यानं कुणी मरतं का? पण तुम्हाला कळेल. तुमचा लेक गेला त्या दिवसापासून माझ्या डोक्यात काय शिरून बसलं होतं, ते तुम्हीच तर ओळखलं होतं.

तो दिवस मला पहिल्यापासून लिहू द्या. कापसाची वेचणी चालू होती. हे भर दुपारी शेतातून एकटेच परत आले, छातीवर हात धरून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "शोभा, पाणी." मी तांब्या तोंडाला लावला. दोन घोट गेले, तिसरा तोंडातून बाहेर आला आणि मान माझ्या खांद्यावर पडली. मी हाका मारत राहिले. माणसं जमली. तेव्हा भिंतीपलीकडच्या काशीकाकू सगळ्यांच्या देखत बोलल्या, "अगं, छातीत कळ आल्यावर पाणी पाजतेत का कोनी? पाण्यानंच घात केला."

समोर तुमचा एकुलता एक लेक होता, आणि तुम्ही रडायचं थांबवून उभ्या राहिलात. "काशे, गप बस! माझा लेक बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेला. कोरड्या तोंडानं न्हाई गेला. आणखी एक शब्द बोलशील तर ह्या घरात पाय ठेवू नको."

दोन्ही वाक्यं मी ऐकली होती. तुमचं विसरले आणि काशीकाकूंचं पाठ केलं. माणूस असं का करतं हो, आत्याबाई?

त्यानंतर मी कुणाच्या हातात पाणी दिलं नाही. पाहुणे आले की पेले समोर ठेवून मागं सरायचं. माझी लेक मनू पाणी मागायची, तर "घे की हातानं, लहान आहेस का आता?" म्हणून तिच्यावर खेकसायचं. पाच वर्षांची होती ती, लहानच होती! अंगणवाडीत मुलांना खिचडी मी वाढायची, पाणी मात्र मदतनीस बाई देणार. एखाद्या मुलाला ठसका लागला तरी मी दाराबाहेर निघून जायचे. आणि हे सगळं मी कुणाला कळू न देता करते, असा माझा समज होता.

आणि तुम्ही! महिनाही झाला नसेल, तुम्ही सुरुवात केली. शेतातून यायचं, ओट्यावर बसायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "शोभे, पाणी आण गं!" माठ तुमच्यापासून दोन पावलांवर असायचा. मनूनं आणून दिलं की, "तुला कोनी सांगितलं? तुझ्या आईला सांगितलं ना मी." मी पेला दाणकन खाली ठेवला की, "हातात दे. खाली ठेवलेलं मी पीत न्हाई." मग माझ्याकडे बघत, एकेक घोट घेत, अख्खा पेला रिकामा करायचा आणि पदरानं तोंड पुसून म्हणायचं, "बघ, झालं."

मला काय राग यायचा! माहेरी फोन करून आईला सांगायचे, म्हातारीचा तोरा काही कमी होत नाही, नवरा गेला तरी सासुरवास सुटला नाही. अठरा वर्षं तुम्ही रोज माझ्या हातचं पाणी प्यायलात आणि जिवंत राहिलात, हे मला दाखवत होतात ना? मला वाटायचं, मिरवताय. आत्याबाई, एकदा तरी उघड सांगायचं होतं. "शोभे, तुझ्या हातात काही वाईट न्हाई," एवढंच. हे तुमचंही चुकलंच. आपल्या घरात शिवी मोठ्यानं द्यायची आणि माया लपवायची, ही रीत तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाही.

आता त्या दिवसाकडे येते. हात थांबायला बघतोय, पण येते.

आठ दिवस ताप होता तुम्हाला. परतूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय झालंय, घरी न्या, घोट घोट पाणी देत राहा. ऐका, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाणी देत राहा. दुपारची वेळ. तुमच्या लेकीला, सुशीलाला फोन गेला होता, ती मंठ्याहून निघाली होती. काशीकाकू तुमच्या पायाशी बसल्या होत्या. तुमच्या तंबीनंतर सहा महिने त्या फिरकल्या नव्हत्या, मग तुम्हीच भिंतीवरून शेवग्याच्या शेंगा देऊन त्यांना परत बोलतं केलं होतं. तुमचा श्वास घरघर लागल्यासारखा. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "शोभे, पाणी."

काशीकाकू म्हणाल्या, "पाज गं तिला. तुझ्या हातच्या पाण्यासाठीच जीव अडकलाय. दोन घोट गेले की सुटंल म्हातारी."

त्या वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. आपल्याकडं सगळेच असं बोलतात. पण माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं, दोन घोट गेले की सुटणार. म्हणजे मी पाजलं की तुम्ही जाणार. म्हणजे मी नाही पाजलं, तर? मी भरलेला पेला काशीकाकूंच्या हातात दिला. त्यांनी तुमच्या ओठाला लावला आणि तुम्ही मान भिंतीकडे फिरवलीत. डोळे मिटलेले असताना कसं कळलं हो तुम्हाला? "शोभाच्या हातचं," म्हणालात.

मी म्हणाले, "आत्याबाई, दूध तापवून आणते. दुधानं ताकद येईल." आणि स्वयंपाकघरात गेले.

दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. तुमची पुन्हा हाक आली, "शोभे." बारीक होती, पण आली. मी गॅस कमी केला. दूध लवकर तापू नये म्हणून कमी केला, आत्याबाई. जोवर मी पाणी देत नाही तोवर तुम्हाला जाता येणार नाही, तुम्हाला माझ्यासाठी थांबावंच लागेल, असा माझा हिशेब होता. मला तुम्ही हव्या होतात. मनू सासरी गेलेली, तुमच्यामागं ह्या घरात मला ओरडून हाक मारणारं कोण होतं? काशीकाकूंचा हंबरडा ऐकू आला, तेव्हा दुधावर अजून साय धरली नव्हती.

कोरड्या तोंडानं गेलात तुम्ही.

तासाभरानं सुशीला आली. माझ्या गळ्यात पडून तिनं पहिलं हेच विचारलं, "वहिनी, आईला पाणी पाजलं ना?" माझ्या तोंडातून "हो" निघालं. काशीकाकू समोरच होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. गावातली कुठलीच गोष्ट पोटात न ठेवणारी बाई तीन वर्षं गप्प राहिली.

सुशीलानं त्या "हो"चं काय केलंय, माहीत आहे? तेराव्याला सगळ्या भावकीसमोर तिनं मला साडी दिली, पाया पडली. म्हणाली, "माझी आई वहिनीच्या हातचं पाणी पिऊन शांत गेली, अजून काय पाहिजे?" पुढं दोन तिथी झाल्या, दोन्ही वेळा तेच. तीन साड्या कपाटात घडी न मोडता पडल्यात. दर वेळी विचारते, वहिनी, नेसत का नाही? मी म्हणते, अंगणवाडीत खराब होतील.

पहिल्या तिथीनंतर मला घास गिळेना. डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही नाही. मग मी शनिवारी जांबला जायला लागले, समर्थांच्या देवळात. परतूरला उतरायचं, पुढं जीप. देवावर काही फार विश्वास होता असं नाही. घर सोडून कुठंतरी बसायला जागा हवी होती. तिथं अंगण झाडणारी एक म्हातारी सेवेकरीण होती. चार-पाच शनिवार तिनं मला खांबाशी बसून रडताना पाहिलं, आणि एकदा झाडू हातात घेऊनच समोर बसली.

"दर खेपेला काय सांगून राह्यलीस देवाला?"

"माफी मागते."

"कशाची?"

मी सांगायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, काशीकाकू काय बोलल्या, दूध कसं तापत नव्हतं. तिनं मध्येच थांबवलं. "हे लोकांचं झालं. तू काय केलंस? देवाला तेवढंच सांग, बाकी त्याला ठाऊक हाय."

मी चिडून उठले. जीपमध्ये बसेपर्यंत तिला मनात बोल लावत होते. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर तुमची माळ खुंटीवरून काढली. तुम्ही एवढी वर्षं देवापुढं बसून नाम घ्यायचात आणि मी आतून भांडी आपटायची. आता मी बसले. आधी नाम घ्यायचं, मग जे घडलं ते सांगायचं, एवढाच नेम. सोपं वाटतं ना? कितीतरी महिने माझ्या सांगण्यात दूध यायचं, डॉक्टर यायचे. मी उठायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. एका सकाळी फक्त एवढंच आलं, आत्याबाईंनी पाणी मागितलं, मी घाबरले, मी दिलं नाही. मग खूप रडले. रडून झाल्यावर उठून माठातलं पाणी घेतलं आणि किती दिवसांनी पोटभर प्यायले.

माझा समज होता की नाम घेतलं की भीती पळून जाते. तसं काही होत नाही हो. ती येतेच, शेजारी येऊन बसते. आता मी तिच्यामुळं उठून जात नाही, एवढाच फरक पडलाय. तुम्हालाही भीती वाटायची का कधी? विचारायचं राहिलं.

आणि काल काशीकाकू. आठवडाभर तापानं पडल्यात. सून सोयाबीन काढायला गेली होती. भिंतीपलीकडून हाक आली, "शोभा, जरा पाणी दे माय." घरात दुसरं कुणी नव्हतं. नाही म्हणायला जागा नव्हती, आणि खरं सांगते, पाय आधी त्या दिवसासारखेच स्वयंपाकघराकडे वळले. मी नाम घेतलं, पेला भरला, भिंतीला वळसा घालून गेले. डोकं दंडावर घेताना थोडं पाणी त्यांच्या गळ्यावर सांडलं. एक घोट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले आणि थांबल्या.

"माठ धूत जा गं," त्या म्हणाल्या. "वास येऊन राह्यला पाण्याला."

आणि उरलेला पेला गटागटा संपवला! मला हसूही आलं आणि रडूही. त्यांनी माझा हात धरला. "तुझा नवरा गेल्ता तवा मी बोलले ते बोलायला नको होतं. तुझी सासू चिडली ते बराबर होतं. आन् तिच्या टायमाला पुन्हा तेच केलं मी." मग थोड्या वेळानं विचारलं, पिठलं करशील का. केलं. दोन वेळा मागून खाल्लं.

पिठलं ढवळतानाच मला कळलं, आत्याबाई. पाणी नुसतं पाणी होतं. त्यानं तुमच्या लेकाला मारलं नव्हतं, काशीकाकूंना जगवलं नाही. तुम्हाला फक्त तहान लागली होती. मी पाजलं असतं तरी तुम्ही कदाचित त्याच घडीला गेला असता, पण घसा ओला असता आणि माझा हात तुमच्या मानेखाली असता. मी तुम्हाला वाचवत नव्हते. मी तुम्हाला तहानलेलं ठेवत होते. एवढं कळायला मला तीन वर्षं लागली, आणि आता ते तुमच्या काही उपयोगाचं नाही.

परवा तुमची तिथी. सुशीला सकाळच्या एसटीनं येणार आहे, साडी घेऊन येणार. तिला खरं सांगावं का, ह्याचा मी खूप विचार केला. तिच्या मनात तुमचा शेवट सुखाचा आहे, तो मोडायचा मला काय अधिकार? पण तुमची लेक माझ्या पाया पडते, आत्याबाई. तुमच्या तहानेवर मी मान मिळवते. ते आता सोसत नाही.

म्हणून शब्द देते. ती आली की भावकी जमायच्या आधी तिला ओट्यावर बसवीन आणि सांगीन, सुशीला, तुझ्या आईनं माझ्याकडे दोनदा पाणी मागितलं आणि मी दिलं नाही. कुणाचं नाव घेणार नाही, कारण सांगणार नाही. ती रडेल, शिव्या देईल, तसंच उठून मंठ्याची गाडी धरेल, ह्या घराशी नातं तोडेल. तिला जे करायचं ते करू दे. ती बोलत असेपर्यंत मी तिच्यासमोर बसून राहीन. उठून आत जाणार नाही.

तुमची सून,
शोभा