बेडकीचा आवाज

प्रिय भावजी,

या 'भावजी'वरूनच तुला कळलं असेल की मी रागावले आहे. एरवी मी तुला नावाने हाक मारते. मी लग्न करून या घरात आले तेव्हा तू दप्तर फेकून खेळायला पळणारा पोरगा होतास, तुला कोण अहो-जाहो करणार? पण डोकं फिरलं की माझ्या तोंडून 'भावजी' निघतं, आणि सध्या ते चांगलंच फिरलेलं आहे. तेव्हा हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. बस, आणि शेवटपर्यंत वाच. मधेच घडी करून खिशात टाकण्याची तुझी सवय मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी दाराशी एक अनोळखी माणूस आला. 'तुमच्या दिरांनी हत्यारांची पेटी मागवली आहे, मी त्याच बाजूला चाललोय,' म्हणाला. दोन वर्षांत तुझी या घराशी पहिली ओळख निघाली ती ही! फोन नाही, चिठ्ठी नाही, एक परका माणूस आणि पेटी. मी त्याला वाटेला लावणार होते, पण तुझा दादा शेडमधून बाहेर आला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर सरळ आत गेला. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी बघायला गेले, तर हा जमिनीवर फतकल मारून तुझे पाने एकेक करून तेलाच्या फडक्याने पुसत होता. सगळे पुसले, मापाप्रमाणे लावले, पेटी बंद केली आणि त्या माणसाच्या हाती दिली. वर त्याला 'वजनदार आहे, सांभाळून' असंही म्हणाला. मी दारात उभी राहून दात खात होते. त्या दिवसापासून तो शेडमध्ये गेलेला नाही. आणि म्हणून मी लिहायला बसले आहे, कारण आता गप्प राहणं मला जमायचं नाही.

ती गाडी तुम्ही दोघांनी घरी आणली तो दिवस तुला आठवतो का? दातांच्या डॉक्टरांच्या घरामागे वेलींत गुरफटून पडली होती. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकलेली, रंग कधी काळी हिरवा असावा असा. दिव्यांची बटणं दाबली की डोळे टपकन वर यायचे, म्हणून मी तिला बेडकी म्हटलं, आणि तुम्ही दोघं माझ्यावर खवळलात, की ही स्पोर्ट्स कार आहे, अपमान करू नकोस. महिन्याभरात तुम्हीही बेडकीच म्हणायला लागलात. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. तो मीच निस्तरला. मी आयुष्यभर लोकांच्या सोफ्यांना कव्हरं शिवली, पण त्या दोन सीटांनी माझ्या बोटांची जेवढी चाळण केली तेवढी कुणी केली नाही. पत्रा गंजून इतका पातळ झाला होता की तुझ्या दादाचा अंगठा आरपार गेला. तरी रोज संध्याकाळी कामावरून येऊन तुम्ही दोघं त्या शेडमध्ये. मी जेवायला हाका मारून थकायचे. तू यायचास, दादा मागून यायचा, तेही तू खांद्याला हात लावल्यावर.

आणि जेवतानाही तेच! पिस्टन नाही, वहिनी, यात पिस्टनच नाही! फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गोल गोल फिरतो, त्याच्या तीन टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्या शाबूत तर इंजिन शाबूत. तू पोळीचा तुकडा ताटात फिरवून दाखवायचास. ऐकून ऐकून मला पाठ झालं. हे इंजिन थरथरत नाही, म्हणून ते किती जोरात फिरतंय ते चालवणाऱ्याला कळत नाही, आणि म्हणून कंपनीनेच आत एक बझर बसवला आहे. तो वाजला की पाय उचलायचा. हे तूच मला समजावलं होतंस. तुझ्या कानांचं तर काय सांगावं! रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून तिचं दुखणं सांगायचास. आमच्या मिक्सरचं बेअरिंग जाणार हे तू ते जायच्या आधी दोन महिने सांगितलंस.

मग तो रविवार. पहिल्यांदा बेडकी रस्त्यावर निघाली. दादा चालवत होता, तू शेजारी, मी फाटकात. जाताना दोघं हसत गेलात आणि येताना एका टेम्पोने दोरी बांधून ओढत आणलं. काय झालं ते तुझ्याच तोंडून ऐकलं, साऱ्या गल्लीने ऐकलं. मोकळा रस्ता मिळाला, दादाने पाय दाबला, बझर वाजायला लागला, तू 'कमी कर, कमी कर' म्हणून ओरडलास, आणि हा पठ्ठ्या तुझ्याकडे बघून हसला आणि आणखी दाबला. नवीन जुळवलेलं इंजिन, पहिले काही दिवस तळहाताच्या फोडासारखं जपायचं, त्याची पट्टी तुटली आणि आतली भिंत खरवडून निघाली. एवढी मेहनत मातीत गेली. तुला राग आला यात तुझं काही चुकलं नाही. पण तू त्याला काय बोललास? 'तू कधी माझं ऐकलंच नाहीस. लहानपणापासून नाही. तुला मी बोलतो तेच ऐकू येत नाही.' आई-बाबांच्या माघारी ज्याने तुला वाढवलं त्याला! तो नुसता उभा होता, हातात फडकं घेऊन. आणि तू डोक्यात राख घालून निघालास, ते दुसऱ्या गावच्या नोकरीवर रुजू होऊन मोकळा झालास.

तू गेल्यावर दोन महिने बेडकी ताडपत्रीखाली होती. मग एका सकाळी दादाने ताडपत्री काढली आणि मला म्हणाला, एक टोक धर. तेव्हापासून मीच एक टोक धरते आहे. इंजिन साखळीने वर काढलं, उघडलं, ती खरवडलेली भिंत बदलली, पट्ट्या नव्या, त्यांच्या खालच्या स्प्रिंगा नव्या. त्या केसाएवढ्या स्प्रिंगा शिवणाच्या चिमट्याने मी बसवल्या आहेत, हे लक्षात ठेव. आणि या वेळी नुसती दुरुस्ती नाही. रेडिएटर मोठा घातला, तेल गार ठेवायला पुढे वेगळी जाळी बसवली, चारही चाकांचे ब्रेक चांगल्यातले. 'आहे तशी नको, होती त्याहून बरी करायची,' हे एकच वाक्य तो बोलायचा. फक्त एक गोष्ट मला कळेना. त्याने बझर काढून टाकला, आणि त्याच्या जागी डॅशबोर्डवर, अगदी डोळ्यांसमोर, एक लाल दिवा बसवला. चांगला चालणारा बझर का काढलास विचारलं, तर म्हणाला, उगीच कटकट करतो.

मी विश्वास ठेवला. पुढे एकदा मी किल्ली विसरून दुकानात गेले आणि परत आले तर दार बंद. बेल दाबते आहे, दाबते आहे. शेजारीण बाहेर आली, समोरचे आजोबा आले, दोघंही म्हणाले की बेल आम्हाला घरात ऐकू येते आहे. शेवटी मी मागच्या खिडकीशी गेले. तुझा दादा दाराच्या आतच, बेलच्या बरोबर खाली, खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होता.

मी त्याला हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानांना हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. हा भराभर दाबत होता. मला वाटलं, चला, काही नाही. बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, 'मी आवाज बंद केला तरी हे दाबतायत.' परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलासारखा बसला होता रे तो त्या काचेमागे! कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसशेजारी जन्म गेला, त्याने कान खाल्ले. आधी बारीक, चिरके आवाज जातात म्हणे. बेल, पक्षी, बझर. मग माणसांचं बोलणं. समोरच्याचे ओठ दिसले तर तो निभावून नेतो, आणि हे तो कितीतरी वर्षं करत होता. गाडी चालवताना त्याला तुझ्या ओठांकडे बघत बसता येईना. वाऱ्यात तू ओरडलास, त्याने वळून पाहिलं, तुझं तोंड उघडं दिसलं. त्याला वाटलं, धाकटा खूश झालाय.

आता सांग, मी कुणाकुणावर रागावू? त्याच्यावर तर आहेच. घरी आल्यावर इतकी भांडले की शेवटी माझाच आवाज बसला. आणि तुझ्यावरही आहे. मशिनी जोखणारा माणूस तू, मिक्सरचं बेअरिंग तुला कळतं, आणि रोज शेजारी बसून काम करणाऱ्या भावाला ऐकू येत नाही हे कळलं नाही? मी विचारलं त्याला, त्या रविवारी का नाही सांगितलंस, एका वाक्यात मिटलं असतं. तर म्हणतो, 'रागावलेला भाऊ परवडला. कीव करणारा नको.' कानाला लावायचं यंत्र आणलं आहे, ते डबीत पडून आहे. तुम्हा दोघांना एकाच साच्यातून काढलंय, दुसरं काय!

पंधरा दिवसांपूर्वी इंजिन तयार झालं. आधी त्याने प्लग काढले, मला स्टार्टर मारायला लावलं आणि भोकावर तळहात धरला. त्रिकोणाला तीन बाजू, म्हणून आतली हवा सारख्या जोराने तीनदा यायला हवी ना? त्याला ती हातावर कळली. दुसऱ्या बाजूलाही कळली. मग प्लग लावले आणि मी किल्ली फिरवली. खूप धूर झाला आणि बेडकी सुरू झाली. तुझा दादा दोन्ही हात इंजिनावर ठेवून उभा होता, आजारी माणसाचा ताप बघावा तसा. मग मान वर करून त्याने मला विचारलं, 'आवाज कसा येतोय?' मला आवाज येत होता, पण तो कसा आहे ते मला काय माहीत? मधूनच काहीतरी कडकड करत होतं, की ते तसंच असतं? मी म्हटलं, छान येतोय. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, वाकून किल्ली बंद केली आणि म्हणाला, 'खोटं बोललीस की तुझ्या तोंडावर दिसतं.' मग म्हणाला, हा आवाज बरोबर की चूक ते एकालाच कळेल, आणि त्याला बोलवायचं नाही, माझी शपथ आहे तुला. नंतर तो पेटीवाला आला, आणि बाकीचं तुला सांगितलंच आहे.

आता कालची गोष्ट. त्याने गाडी देऊन टाकायचं ठरवलं आहे. कुणीतरी गृहस्थ आहेत, ते हे इंजिन काढून साधं घालणार आहेत, शनिवारी न्यायला येतील. मी त्याची शपथ मोडते आहे, माझं काय व्हायचं ते होवो. तू शुक्रवारी ये. माफी मागायला येऊ नकोस, त्याला ती घेता येणार नाही. गळ्यात पडून रडायला तर मुळीच येऊ नकोस, मीच तुला फाटकातून परत पाठवीन. तू रागावलेलाच ये. आल्या आल्या बेडकी सुरू कर, ऐक, आणि चुकलं असेल तर त्याला चुकलं म्हण, हवं तेवढं भांड. फक्त समोर उभा राहून भांड, उजेडात, तोंड त्याच्याकडे करून आणि जरा सावकाश, म्हणजे तू काय म्हणतोस ते त्याला कळेल.

तुझीच, अजून न निवळलेली,
वहिनी