चालून दाखवणार नाही

ती. दत्तूकाका,

केसांपासून पायांपर्यंत तपासल्या गेलेल्या आपल्या घरच्या पाचही मुलींच्या वतीने हे लिहिते आहे.

भिंगारच्या मैदानावर मी कानात गाणी लावून अनवाणी धावते, तेव्हा तुम्ही ओरडता, "भार्गवी, चपला घाल! लोक हसतील." परवा मला बघायला कोपरगावचे पाहुणे आले, तेव्हा मात्र माझ्या आखूड केसांना गंगावन लावायला सांगितलंत आणि म्हणालात, "अंगणात अनवाणी चालून दाखव, त्यांना पाय बघायचेत." मी गप्प चालले, याचीच मला लाज वाटते.

हे पत्र पाठवणार नाही. उद्या तुमच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. रविवारी मिरजगावचे पाहुणे येण्याआधी त्यांना फोन करून सांगा, मुलीचे केस कानापर्यंतच आहेत आणि ती चालून दाखवत नाही.

अनवाणीच,
तुमची पुतणी भार्गवी