तेल खुणेवर

३ ऑगस्ट
आज पुन्हा धूर! पांढराफेक. अर्धं लॉनही कापून झालं नव्हतं, तोच मोवरने असा धूर सोडला की शेजारच्या बराड आंटी तोंडाला चुन्नी लावून गेटपाशी आल्या. "भैणजी, अग्ग लग गई?" मी म्हटलं, आग नहीं जी, मच्छर भगा रहे हैं. त्या हसल्या. विनायक हसला नाही. गुडघे टेकून इंजिनाकडे बघत राहिला.

ह्या माणसाचा उभा जन्म हवाई दलात विमानांच्या इंजिनांत गेला. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाला आणि इथेच, चंदीगडला, घर घेतलं – का, तर दारात हिरवळ हवी. आणि आता एवढंसं गवत कापायचं यंत्र त्याला दाद देईना!

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, मीनू. तेल खातंय. रोज घालतो, रोज कमी."

४ ऑगस्ट
दुपारी तो झोपल्यावर मीच गॅरेजमध्ये गेले. तेल बघायला त्यानेच शिकवलंय मला, ह्याच मोवरवर. जमीन सपाट, इंजिन थंड. झाकण फिरवून काढायचं, त्याला खाली पट्टी असते. ती फडक्याने पुसायची, परत घालून झाकण पूर्ण फिरवून बसवायचं, मग काढून बघायची. पट्टीवर दोन खुणा. तेल त्यांच्या मधे हवं.

वरच्या खुणेच्याही वर होतं! चांगलं बोटभर. म्हणे तेल खातंय! इंजिन तेलाने तट्ट भरलंय, धूर येईल नाहीतर काय?

५ ऑगस्ट
सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. चहाआधी तपासणी, हा त्याचा नेम. पट्टी काढली, पुसली, आत घातली – आणि झाकण फिरवलंच नाही. नुसतं टेकवलं आणि उचललं.

ही जनरेटरची रीत! आमच्या जनरेटरची पट्टी नुसती टेकवून बघतात, मोवरची फिरवून. हा फरक मला त्यानेच दहादा सांगितलाय. चिडून सांगितलाय! टेकवलेली पट्टी तेलापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून रोज कमी दिसतं. म्हणून रोज घालतो.

तोंडाशी आलं होतं – अरे, झाकण! गिळलं. जूनमध्ये सेक्टर ३४ मधून घरी यायचा रस्ता चुकला, तेव्हा बोलले होते. एवढंच म्हटलं, "रोजचा रस्ता की रे!" त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. पुन्हा मागितली नाही.

त्याला तपासून डॉ. मधुरिमा म्हणाल्या होत्या, "काकू, नावं आणि रस्ते आधी जातील. हातांना जे येतं ते सगळ्यात शेवटी. हात रिकामे ठेवू नका." मग हातांकडून मोवर कसं काढून घेऊ मी?

८ ऑगस्ट
केमिस्टकडून मोठी सिरिंज आणि नळी आणली. "किसके लिए, आंटी?" "घर में पेशंट है." खोटं काय बोलले? संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसला की मी गॅरेजमध्ये. जास्तीचं तेल ओढायचं, लोणच्याच्या जुन्या बरणीत सोडायचं, खुणेवर आणून ठेवायचं. तो घालणार, मी काढणार. छान संसार चाललाय!

१७ ऑगस्ट
धूर नाही! लॉन सुरेख कापलं. बराड आंटींना हाक मारून सांगितलं त्याने, "ठीक कर दिया जी!" मग मला – "बघितलंस? वेळच्या वेळी तेल मिळालं की इंजिन कुरकुरत नाही." मी म्हटलं, खरंय.

नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट ज्याला सांगितली, नेमकी हीच त्याला सांगता येत नाही. फार एकटं वाटलं.

२५ ऑगस्ट
मागच्या गल्लीतल्या आसावरीच्या नवऱ्याची बदली झाली, तोही हवाई दलातलाच. जोरहाट, पार आसामात. माझा चकलीचा सोऱ्या परत द्यायला आली आणि दारातच गळ्यात पडली. "काकू, फोन करते, पक्का." करेल महिनाभर. इथे आपली माणसं पोस्टिंगच्या टेन्युअरपुरती असतात. दरवेळी नवी जोडायची, दरवेळी सामान बांधायला मदत करायची. आता कंटाळा आला.

ह्या घरात मराठी बोलणारे दोघं उरलो. त्यातला एक दिवसेंदिवस कमी बोलतो. म्हणून ही वही. दुसरं कोण आहे?

१ सप्टेंबर
बेंगळुरूहून कैवल्यचा फोन. मी मराठीत विचारते, पोरगा हिंदीत उत्तर देतो. "मम्मी, अकेले कैसे सँभालोगी यार? यहाँ आ जाओ, बारहवाँ फ्लोर है, सब सेफ है." विनायकने फोन ओढून घेतला. "माझं मोवर मी चालवतोय तोवर इथून हलणार नाही!" आणि ठेवून दिला.

बाराव्या मजल्यावर कसलं आलंय लॉन!

७ सप्टेंबर
आज दिवसभरात एक वाक्य बोलला. "मीठ दे."

१२ सप्टेंबर
पकडले गेले. नळी इंजिनात, सिरिंज हातात, बरणी मांडीशी – आणि दारात विनायक. चोराच्या उलट्या बोंबा मारायलाही सुचेना.

माझ्याशेजारी खाली बसला. पट्टी पुसली, टेकवली, काढून पाहिली. थांबला. परत पुसली, आत घातली आणि ह्या वेळी झाकण फिरवलं. पूर्ण. काढली. तेल पार वर! त्याला कळलं. त्याला कळताना मी पाहिलं. असं पुन्हा बघायला नको.

"मी जनरेटरसारखं बघतोय?"
"हो."
"रोज?"
"रोज."
"उद्याही तसंच बघेन मी."
"बघ. मी काढीन."

फडक्याची घडी घालत बसला, कडेला कडा जुळवून. मग एकदम त्याचा जुना, वॉरंट ऑफिसरचा आवाज – "ऐक. रोज संध्याकाळी तू बघायचं. जास्त असलं तर काढ, मला सांगू नकोस. पण ज्या दिवशी मी हातच लावला नसेल, त्या दिवशी कैवल्यला फोन कर. मी जायला तयार आहे म्हणून सांग. त्या दिवशी मला विचारू नकोस. मी नाही म्हणेन."

मी म्हटलं, "आणि एखाद्या दिवशी तू बरोबर बघितलंस तर? तेव्हाही तेल खुणेवरच असेल की."

हसला! कितीतरी दिवसांनी. "तेव्हा फडकं काळं असेल, बाईसाहेब. रोज धुतलेलं ठेवत जा. तुझं वेगळं वापर."

मग मी सिरिंज ओढली आणि बरणी त्याने धरली.

१३ सप्टेंबर
सकाळी कालचं काही आठवत नव्हतं त्याला. संध्याकाळी बघितलं – तेल जास्त. काढलं. फडकं धुतलं.

२१ सप्टेंबर
जास्त. बरं वाटलं. नवऱ्याने चूक करावी म्हणून देवापुढे दिवा लावणारी मीच असेन! पण लावला.

२९ सप्टेंबर
तेल खुणेवर! तशीच फडक्याकडे धावले – काळं! चांगले चार डाग. बरोबर बघितलं होतं त्याने, झाकण फिरवून! रात्री शिरा केला. "आज काय आहे?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, रवा उरला होता. दोनदा मागून घेतला.

४ ऑक्टोबर
जास्त.

७ ऑक्टोबर
जास्त. अगदी थोडं. बरणी भरत आली, दुसरी घासून ठेवली.

१० ऑक्टोबर
चहा घेऊन बाहेर बसला होता, लॉनकडे बघत. "गवत वाढलंय," म्हणाला. "कापायला येतात ना कुणी, त्यांना सांगा."

मी म्हटलं, सांगते.

संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले नाही. उद्या बघेन.

११ ऑक्टोबर
तेल खुणेवर. फडकं कोरं.

कैवल्यला फोन लावला.