मोटारीला बैल लावायचे नाहीत

१० जाने. १९३९, मंगळवार. मूर्तिजापूरच्या अलीकडे

अकोल्याहून निघालो एकदाचे. सात म्हणता म्हणता साडेनऊ. ह्यांनी अकरा वेळा हँडल मारलं, बाराव्याला मोटार उठली. अख्खी आळी ओट्यावर जमलेली. ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापू, शेवटी बैलच ओढून आनतीन ह्या डब्याले."

हे रेल्वेच्या शेडमध्ये तीस वर्षं फिटर. इंजिनाला कोणी नाव ठेवलं की राग नाकाच्या शेंड्यावर. "एक डाव जरी बैल लागले, तर मोटार तुमची. इंजिन काढा अन् विहिरीवर बसवा." भासऱ्यांनी तिथल्या तिथे टाळी घेतली. संत्र्याच्या बागेसाठी त्यांना इंजिन हवंच होतं.

मी दाराआड. भासऱ्यांसमोर बोलायची रीत नाही. नाहीतर म्हटलं असतं, मोटार तुमच्या भावाची असेल, आतली मांडणी माझी आहे. मला न विचारता पैज कशी लागली?

मो. बरी. मैल २२.

११, बुधवार. कारंजा

मोटार म्हणजे जुन्या लॉरीवर ह्यांनी दोन वर्षं खपून बांधलेली लाकडी खोली. दोन बाकं, जोडली की बिछाना. खाली डबे, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीला माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे. पेन्शनीत आल्यावर लोक काशीला जातात. आम्ही हरणं पाहायला निघालो.

बाजारात पोरांचा घोळका. "सर्कस आली का हो?" हे म्हणाले, "आली. अस्वल आत सैपाक करून राह्यलं." आठ आणे तिकीट लावायला हवं होतं म्हणतात वर.

दोघांपुरत्या चार भाकरी केल्या. लग्न झाल्यापासून पंधरा माणसांचं कणिक-पीठ मळत आले, दोघांचा अंदाजच येत नाही. उरल्या त्या सकाळी खाल्ल्या. कुणी विचारणारं नाही. हसू येत होतं उगीच.

रेडिएटर गळतो आहे. स्टँडवरच्या ड्रायव्हरने ह्यांना सांगितलं, चिमूटभर हळद टाका, भेग बुजते.

१२, गुरुवार. इंझोरीच्या वाटेवर

सकाळी रोही, म्हणजे नीलगाई. सात. गाढव म्हणावं तर घोडा वाटतो, घोडा म्हणावं तर बैल. तुरीत उभे, शेंगा ओरबाडत. शेताचा राखणदार शिव्या देतो, ते कान हलवतात. आम्ही मोटारीच्या टपावर बसून चहा प्यायलो.

एक माळढोक पण. केवढा! माळावर एखादा म्हातारा काहीतरी हरवलं म्हणून शोधत फिरावा तसा चालत होता.

हे म्हणाले, तरुणपणी इंजिनावर असताना रुळाशेजारी काळवीट धावलेला पाहिला होता, दहा-बारा उड्यांपुरता. तेव्हापासून मनात आहे, एकदा जवळून पाहायचा. "डोळे दिसतीन इतक्या जवळून." मला हे पंचवीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. घरात सांगायला जागा कुठे होती म्हणा.

१३, शुक्रवार. भोगी. इंझोरी

गावाबाहेर नाल्याच्या डोहाशी मुक्काम. शेत उकंडरावांचं. साठीचा माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं करडं, हात सैल. शेकोटी करून हुरडा भाजला. तीळ लावलेली बाजरीची भाकर मी त्यांना दिली, त्यांनी बोरं दिली.

"हरनं इथंच पान्यावर येतात. कळपात एक काया आहे, सिंगं हातहात लांब. पन तुमी असे टपावर बसून चहा पेत राह्यले, तर तो येईन काहून?"

संध्याकाळी दुर्बिणीतून तो काळवीट दिसला. पण अर्ध्या मैलावर. ठिपकाच.

१४, शनिवार. संक्रांत

आज माझ्या हातून घोटाळा झाला. लिहून ठेवते.

हळदीकुंकवासाठी हळदीची थैली आणली होती. रेडिएटर फार गळायला लागला म्हणून हे म्हणाले, टाक थोडी. मी थोडी टाकली. गळणं थांबेना. आणखी टाकली. मग थैलीच उपडी केली. म्हटलं, सणाची हळद आहे, काम करीलच.

गळणं थांबलं! हे खूश. मोटार पुढच्या माळावर न्यायची म्हणून निघालो, तर शंभर पावलांवर टोपणातून पिवळी वाफ, ह्यांचं धोतर पिवळं, काच पिवळी. खाडकन आवाज आणि मोटार बसली. आत हळदीचा चिखल घट्ट झाला, पाण्याच्या पंपाची दांडी मोडली.

वाण घेऊन निघालेल्या गावातल्या बाया थांबून बघायला लागल्या. एक म्हणे, "अवं माय, मोटारीले हळद लागली! नवरदेव कोन?" सगळ्या खिदळल्या. मी पण. हे नाही.

"चिमूटभर म्हटलं होतं मी."

"कोनाच्या चिमटीनं ते नव्हतं सांगितलं."

थोड्या वेळाने हसले. मग मोडकी दांडी हातात फिरवून बघत बसले. मोटार नेमकी डोहाच्या काठावर, जनावरांच्या पाण्याच्या वाटेवर मधोमध.

उकंडराव बैल घेऊन आले ओढायला. हे दोन्ही हात पसरून आडवे. "बैल नाई! बैल लावायचे नाईत मोटारीले!" उकंडराव बैलांकडे बघत राहिले, जणू त्यांचं काही चुकलं.

१५, रविवार

हे पंप घेऊन कारंज्याला गेले. तिथल्या जिनिंगमध्ये लेथ आहे, ओळखीचा मिस्त्री आहे, नवी दांडी करून आणतील. गेले बैलगाडीने. मी म्हटलं, आता बैल चालतात वाटतं? म्हणाले, पैज मोटारीची आहे, माझी नाही.

सोबतीला उकंडरावांची बायको, यमुनाबाई. बोलघेवडी. खोली बघून म्हणते, "सासू नाई, जाऊ नाई, दार लावलं का झालं. बाई, तुमचं घर लय ब्येस आहे."

खरंच ब्येस आहे. ह्या मोटारीत मला जे मिळालं ते द्यायची माझी तयारी नाही. विहिरीवर तर नाहीच.

१६, सोमवार

दुपारी उकंडराव आले, बसले नाहीत.

"बाई, तुमच्या मोटारीपायी हरनं पान्यावर येऊन नाही राह्यले. काल सांजीले आले अन् टेकडावरूनच माघारी गेले. आज सकायी बी. बाकी नाले आटले. दुसरं पानी गावाजवळ, तिथं कुत्रे. परवा एक पाडस फाडलं."

काचा चमकतात म्हणून मी लुगडी बांधली. संध्याकाळी टेकडावर कळप उभा. माद्या, दोन पाडसं, मागे तो काळा. एक मादी दहा पावलं खाली उतरली, थांबली, मान वर करून मोटारीकडे बघितलं, परत फिरली. तिच्यामागे सगळी फिरली.

सहा माणसांनी मोटार ढकलून पाहिली. चढ, खाली काळी भुसभुशीत माती. हलली नाही.

उकंडराव म्हणाले, "मंग बैल?"

मी म्हटलं, मालक आल्यावर. ते म्हणाले, "मालक परवा येतीन. पाडसं परवापर्यंत थांबतीन का?"

अंधार पडायच्या आत मी हो म्हटलं. जू पुढच्या दांड्याला बांधलं. साठेक पावलं. बाभळीच्या आड नेऊन उभी केली. बैलांना काहीच वाटलं नाही. मला धाप लागली.

ह्यांचा शब्द मी मोडला. मला कोणी भाग पाडलं नव्हतं.

१७, मंगळवार

पहाटे उजाडता उजाडता आली.

मी खिडकीत, पडदा बोटभर सरकवून. आधी माद्या, मग पाडसं. मग तो. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. शिंगांना पीळ. बाभळीजवळूनच पाण्याकडे निघाला, माझ्यापासून अंगण ओलांडावं इतका जवळ. पुढे जायच्या आधी थांबून माझ्याकडे बघितलं. डोळे दिसले. ओले, मोठे, कसलीही घाई नसलेले. पाडसं पोट भरून प्यायली, एक तर पाण्यात पाय घालूनच.

मला रडू आलं. आनंदाने आलं, आणि ह्यांनी बघायचं ते मी एकटीने बघितलं म्हणूनही आलं.

हे संध्याकाळीच परत. दांडी झकास झाली. मोटार बाभळीपाशी बघून म्हणाले, "ढकलली वाटते?"

मी म्हटलं, "हं."

"हरनं आली होती?"

"लांबून दिसली."

एका संध्याकाळी दोनदा खोटं बोलले. यमुनाबाई माझ्याकडे बघत होती, मी चुलीकडे.

१८, बुधवार

रेडिएटर धुता धुता दिवस गेला. अजून पिवळं पाणी निघतं. कळप पहाटे आला असेल, पण हे चारपासूनच खटपटीत, हातोडीचा आवाज. दिसला नाही. "नशीब," म्हणाले. मी पिवळं पाणी ओतत राहिले.

मोटार सुरू झाली. उकंडरावांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवून आम्हाला रामराम केला. बैलांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी सांगितलं नव्हतं बोलू नका म्हणून.

१९, गुरुवार. अनसिंग

मानोऱ्यावरून कच्च्या रस्त्याने. मो. बरी, फार बरी. हे गुणगुणतात. वाटेत दोन खोकडं, एक लांडगा उन्हात आळस देताना. मी दाखवलेलं सगळं ह्यांना आवडतं. मला आवडत नाही कारण सांगायचं ते आत अडकलं आहे. काळवीट सांगितला तर बैल सांगावे लागतात.

उगीच चिडले. मीठ जास्त झालं म्हणाले तर म्हटलं, बैल लावून काढा. जीभ चावली. ते हसले.

२०, शुक्रवार. वाशीम

ह्यांनी भासऱ्यांना कार्ड लिहिलं: मोटार उत्तम, बैल लागले नाहीत, रविवारी पोचतो. टाकायला मला दिलं. पोष्टापर्यंत गेले, परत आले. पोलक्यात ठेवलं आहे.

भासरे मला कधी विचारणार नाहीत. त्यांच्यासमोर मी बोलतच नाही. पंचवीस वर्षं त्या रिवाजावर मनात चिडले, आज तोच मला वाचवायला उभा. पण ह्यांना विचारतील. आणि हे छातीवर हात ठेवून सांगतील, नाही लागले. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस माझ्यापायी भावासमोर खोटा पडेल, आणि त्याला ते माहीतही नसेल.

मोटार गेली तर गेली. नाही, गेली तर गेली असं मला वाटत नाही. मला मोटार हवी आहे. पण अशी नको.

२१, शनिवार. वाशीमहून निघायच्या आधी

चहा दिला आणि सांगितलं. कार्ड समोर ठेवलं.

ह्यांनी कार्ड उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. चहावर साय धरली. मला वाटलं आता उठतील, बाहेर जातील.

"किती?"

"साठेक पावलं."

"दांड्याले बांधलं का अॅक्सलले?"

"दांड्याले."

"तेवढं बरं केलं." बशीतला चहा संपवला. मग मान वर करून, "मंग तुले दिसला असंन. जवळून?"

"डोळे दिसले."

"कसे होते?"

सांगितलं. सगळं. पाठ, शिंगांचा पीळ, पाण्यात पाय घातलेलं पाडस. मध्येच थांबवून विचारत होते, कान कसे, पाणी पिताना पुढचे पाय कसे ठेवतो. दुसरा चहा झाला, तिसरा झाला. मला म्हणाले नाहीत की तू चुकलीस. बरोबर केलंस असंही म्हणाले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "मी असतो तर बैल लावू दिले नसते. अन् पाडसं तहानलेली..." 

कार्ड फाडलं.

दुपारी, मालेगाव

नाका. सरळ पातूर, अकोला. उद्या दुपारपर्यंत घरी. डावीकडे मेहकर, घरापासून लांब.

हे उतरले. चारही चाकं तपासली. एकाचीही तक्रार नव्हती. टोपण उघडून पाणी बघितलं, बंद केलं. येऊन बसले.

"दादाले खोटं नाई सांगता येनार मले."

"माहीत आहे."

"अन् खरं सांगितलं का मोटार गेली."

 इंजिन चालूच होतं.

"रथसप्तमीले घरी पाहिजेस ना तू? हळदीकुंकू."

"हळद तर सगळी मोटारीनं खाल्ली."

हे हसले नाहीत. रस्त्याकडे बघत राहिले, सरळ. मागून एक कापसाची गाडी आली, गाडीवाला ओरडला, वाट सोडा. तेव्हा ह्यांनी गिअर टाकला आणि डावीकडे वळवली.