कापसाचा बोळा उचलण्याआधी

सर, आज पुन्हा तुम्हाला विचारलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तळेगावात माझा स्वतःचा दवाखाना आहे, तरी दाढ उघडली की मान आपोआप डावीकडे वळते. लोणावळ्याच्या दवाखान्यात मी तुमच्या हाताखाली शिकत होते, तेव्हा तुम्ही त्याच बाजूला उभे असायचात. आज इथून जवळच्या आंबीच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आली होती. दाढ खोलवर किडलेली. "मॅडम, सारखं यायला जमायचं न्हाई, सुट्टी देत न्हाईत. ती नस आजच काढून टाका," म्हणाली. सगळी नस काढून रूट कॅनाल केलं असतं, तर दोघीही सुटलो असतो. पण आत लालभडक रक्त दिसलं आणि माझ्याच्यानं ती नस मारवेना. सुजलेला वरचा भाग तेवढा काढला आणि ओल्या कापसाचा बोळा दाबून धरला. रक्त थांबलं, तर खालची नस जगेल अशी आशा; नाही जगली, तर तिला पुन्हा खेपा.

बोळा दाबला की तुम्ही पेशंटशी गप्पा मारत बसायचात. "खा, चिक्की खा, तुमच्यामुळंच आमची चूल पेटते," असं पर्यटकांना चिडवायचात, आणि तोंड उघडं असल्यानं बिचाऱ्यांना उत्तरही देता यायचं नाही. एकदा मी घाईनं बोळा उचलून पाहिला, तर माझं मनगट धरलंत. "घरी भात शिजला का बघायला सारखं झाकण काढतेस का गं?" पेशंटसमोर बोललात म्हणून मला रडू आलं होतं. आता मनगट धरणारं कुणी नाही, माझी मीच थांबते.

रक्त थांबलं. दाढ बंद केल्यावर तिनं विचारलं, "जगंल का वो मॅडम?" मी म्हणाले, "बघू." दाताला गार काही लावून पाहिलं तर जाणीव आहे एवढंच कळतं. आत रक्त नीट फिरतंय का, सूज कुठवर उतरलीय, हे खुर्चीशेजारी उभं राहून खात्रीनं सांगेल असं साधन अजून माझ्या हातात नाही. गेल्या आठवड्यात मी शिकवायला जाते त्या कॉलेजातल्या मुलांनी विचारलं, आपल्या विषयात पुढं कशावर संशोधन व्हायला हवं? मी तावातावानं हेच सांगितलं. ही नस ठेवा, ही काढा, असं यंत्रानं सांगावं. उगाच कुणाची नस मारली जाऊ नये, कुणाला आंबीहून फुकटच्या खेपा पडू नयेत.

आज घरी येऊन एकटीच जेवायला बसले, तेव्हा लक्षात आलं. यंत्र लगेच उत्तर देईल, मग मी कुणाला विचारू? दिवसभरात बोळा दाबून धरलेला असतो, तेवढाच वेळ मी तुमच्याशी बोलते. "सर, उचलू का?" तुम्ही गप्प असता, म्हणून मी थांबते. यंत्र हवंच आहे. पण माझ्या हयातीत नको, असं आज वाटून गेलं. मुलांना हे सांगायची नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं, पण हे पत्र तरी कुठं टाकायचंय.